तरुण पर्यवेक्षक आणि ज्येष्ठ शिक्षक

शाळांच्या पर्यवेक्षणात एक अडचण अशी आहे की, तिची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही आणि तिच्याविषयी कोणी अर्जही करीत नाही. वयाने लहान असलेल्या पर्यवेक्षकाच्या मनातील संकोच, हीच ती अडचण होय. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात सरळसेवेने आलेला विस्तार अधिकारी, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत नव्याने रुजू झालेला अधिव्याख्याता, अथवा ज्याच्याकडे अकस्मात शाळेचा कार्यभार आला आहे असा तरुण शिक्षक, या सर्वांना तिचा अनुभव कमीअधिक प्रमाणात येतो. वय अठ्ठावीस-तीस वर्षांचे. आणि ज्यांचा पाठ पाहावयाचा ते गुरुजी निवृत्तीच्या उंबरठ्यावर, तीस-बत्तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेले. वर्गाच्या दाराशी पोचताच तरुणाच्या मनात प्रश्न उभा राहतो, ‘यांना सांगणारा मी कोण? माझी निवड चुकून तर झाली नाही ना? आज ना उद्या हे सर्वांच्या लक्षात येईल.’

या प्रश्नाचा विचार खासगी दुबळेपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याचे परिणाम त्या अधिकाऱ्यापुरते राहत नाहीत. संकोचलेला पर्यवेक्षक वर्गात काय पाहतो, काय बोलतो आणि काय न बोलता परत जातो, यावर त्या वर्गातील मुलांचे एक वर्ष अवलंबून असते. म्हणून ही भावना कशी असते, ती कोठून येते व तिच्यासह काम कसे करावे, याचा येथे क्रमाने विचार केला आहे.

भावनेचे स्वरूप

पानिपतच्या युद्धानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करून एक तोतया पुढे आला, पुष्कळ लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि अखेर १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तोतया म्हणजे जो आपण नाही तो असल्याची बतावणी करणारा. येथे ज्या भावनेचा विचार करावयाचा आहे, तिच्यात गोष्ट उलटी असते. मनुष्य खरोखरीच परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो, त्याची नेमणूक रीतसर झालेली असते, कामही तो बरे करीत असतो. आणि तरीही आपण तोतया आहोत व लवकरच पकडले जाऊ, अशी भीती त्याला वाटते.

या भावनेचे पद्धतशीर वर्णन अमेरिकेतील पॉलिन क्लॅन्स व सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७८ साली प्रथम केले. अटलांटा येथील जॉर्जिया राज्य विद्यापीठात काम करीत असताना दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या परिचयातून त्यांच्या असे ध्यानी आले की, पदव्या, मानसन्मान व सहकाऱ्यांची प्रशंसा मिळूनही यांपैकी अनेक जणी आपल्या यशाचे श्रेय नशिबाला किंवा परीक्षकांच्या चुकीला देत होत्या. पुढे १९८५ साली क्लॅन्स यांनी ही भावना मोजण्यासाठी वीस विधानांची एक श्रेणी तयार केली. ही केवळ स्त्रियांची भावना नव्हे, हे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात ६२ अभ्यास व १४,१६१ व्यक्ती यांचा आढावा घेतलेला आहे. त्यात या भावनेचे प्रमाण, मोजण्याचे साधन व मर्यादारेषा यांनुसार, ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत आढळले. एवढ्या तफावतीवरून नेमका आकडा सांगता येत नाही. परंतु ही भावना विरळा नाही, एवढे निश्चित म्हणता येते. मानसिक विकारांच्या मान्य वर्गीकरणात तिला विकार म्हणून स्थान नाही.

या भावनेचे एक चक्र असते. नवे काम समोर आले की मनुष्य धास्तावतो. मग तो एकतर गरजेपेक्षा कितीतरी अधिक तयारी करतो, किंवा काम टाळीत राहून शेवटच्या क्षणी कसेबसे उरकतो. काम पार पडते. परंतु पहिल्या प्रकारात ‘एवढे कष्ट घेतले म्हणून जमले’ आणि दुसऱ्या प्रकारात ‘दैव बलवत्तर म्हणून निभावले’ असे तो मनाला सांगतो. यशाचा पैसा आपल्या खात्यावर तो कधी जमाच करीत नाही. म्हणून पुढच्या वेळी शिल्लक पुन्हा शून्य असते.

आपल्याकडे ती तीव्र का होते

आपल्या समाजात वय हा मानाचा पहिला आधार आहे. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवू नये, त्यांची चूक चारचौघांत काढू नये, हे लहानपणापासून शिकविले जाते. शिक्षकाच्या बाबतीत तर वय व गुरुत्व असा दुहेरी मान असतो. आणि ज्या तालुक्यात बालपण गेले त्याच तालुक्यात नेमणूक झाली, तर ज्यांनी हात धरून मुळाक्षरे गिरवून घेतली त्यांच्याच वर्गात पाठनिरीक्षणासाठी बसण्याचा प्रसंग येऊ शकतो. गुरुजी ‘साहेब’ म्हणून उठून उभे राहतात आणि तरुणाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे वाटते. अधिकारी स्त्री असेल, तर ‘बाईंना काय कळणार’ या न बोललेल्या शंकेचा भारही तिला वाहावा लागतो.

या पेचाची एक फार जुनी आठवण आपल्या परंपरेत आहे. चौदाशे वर्षे जगलेले म्हणून प्रसिद्ध असलेले योगी चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसले, तेव्हा मायना काय घालावा हेच त्यांना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने ते मोठे; नमस्कार लिहावा, तर वयाने ते केवळ पोर. अखेर त्यांनी कोराच कागद पाठविला, अशी कथा सांगतात. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी दिलेले उत्तर ‘चांगदेव पासष्टी’ या नावाने प्रसिद्ध आहे, आणि पुढे चांगदेवांनी वयाने त्यांच्याहूनही लहान असलेल्या मुक्ताबाईंना गुरू केले, असे परंपरा मानते. तेव्हा वय व अधिकार यांची फारकत झाली की मायना अडतो, हा अनुभव आजचा नाही. मात्र कोरा कागद तेथे आरंभ होता. पर्यवेक्षकाने शेरेपुस्तकच कोरे ठेवले, तर तो शेवट ठरतो.

दोन आडवाटा

संकोचाने घेरलेला तरुण बहुधा दोहोंपैकी एका आडवाटेला लागतो.

पहिली वाट शरणागतीची. तो वर्गात बसतो, पाठ संपताच ‘आपल्याला मी काय सांगणार?’ असे म्हणतो, चहा घेतो, शेरेपुस्तकात ‘काम समाधानकारक’ असे लिहितो व पुढच्या शाळेस जातो. वागणे नम्र दिसते, गुरुजींनाही बरे वाटते. परंतु मागच्या बाकावरील ज्या मुलाला तिसरीत येऊनही जोडाक्षरे वाचता येत नव्हती, त्याच्याकडे पाहणारी बाहेरची एकमेव नजर त्या दिवशी तशीच निघून गेली.

दुसरी वाट करडेपणाची. आपला कच्चेपणा उघड होण्यापूर्वी दुसऱ्याचा उघड करावा, असा तिच्यामागे नकळत हिशोब असतो. हजेरीपटातील खाडाखोड, पाठटाचणातील अपुरी तारीख, भिंतीवर नसलेला तक्ता, अशा गोष्टींवर तो तुटून पडतो. मुलांच्या देखत शिक्षकाला प्रश्न विचारतो. बोलण्यात परिपत्रकांचे क्रमांक पेरतो. या प्रकारातही मुलांकडे पाहणे राहूनच जाते, कारण सर्व लक्ष स्वतःच्या रुबाबाकडे लागलेले असते.

वरवर या दोन वाटा परस्परविरुद्ध दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. दोन्ही ठिकाणी पर्यवेक्षक स्वतःला सांभाळीत असतो. ‘मी मोठा ठरतो की लहान?’ या एकाच प्रश्नाभोवती त्याची भेट फिरते. वास्तविक पर्यवेक्षकाचे पद हा शिक्षकापेक्षा मोठे असल्याचा दाखला नव्हे. ते एक नेमून दिलेले काम आहे. वर्गाबाहेरून येऊन, इतर शाळांत पाहिलेले ध्यानी ठेवून, या वर्गातील मुले कोठे अडली आहेत हे शिक्षकाच्या बरोबरीने शोधणे, हे ते काम. ते करण्यासाठी तीस वर्षांचा अनुभव असावाच लागतो असे नाही; डोळे उघडे असावे लागतात आणि तयारी करावी लागते.

एक उदाहरण

पद व वय यांची अशी फारकत आपल्या शिक्षणसंस्थांनी पूर्वीही पचविलेली आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ सालचा. केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेत १८९९ साली ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १९०२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे तेच महाविद्यालय, जेथे ते काही वर्षांपूर्वी विद्यार्थी होते. तेथे गणित शिकविणाऱ्यांत धोंडो केशव कर्वे होते. कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. म्हणजे ते परांजपे यांच्याहून अठरा वर्षांनी मोठे, नात्याने बंधू, आणि १८९१ पासून त्या महाविद्यालयात अध्यापन करीत असलेले. विधवांच्या शिक्षणाचे आपले कार्यही त्यांनी १८९६ सालीच आरंभिले होते. १९१४ साली निवृत्त होईपर्यंत कर्वे त्या महाविद्यालयात शिकवीत राहिले.

तरुण प्राचार्यांच्या मनात त्या काळी काय चालले असेल, याचा तर्क करण्याचे कारण नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, अठरा वर्षांनी मोठा असलेला आप्त हाताखाली आहे म्हणून कोणाचे काम थांबले नाही. महाविद्यालयाच्या कारभारात एकाचे पद वरचे होते. वयाचा व समाजकार्याचा मान दुसऱ्याकडे होता. हे दोन मान एकमेकांच्या जागेवर हक्क सांगत नाहीत. शाळेतही असेच असू शकते. पर्यवेक्षकाने गुरुजींना वाकून नमस्कार करण्याने शेरा लिहिण्याचा अधिकार कमी होत नाही, आणि शेरा लिहिण्याने नमस्कार खोटा ठरत नाही.

न येणे व तोतया असणे

संकोच वाटतो त्यात काही अंश खराही असतो, हे मान्य केले पाहिजे. तरुण अधिकाऱ्याला पुष्कळ गोष्टी खरोखरीच माहीत नसतात. परंतु ‘मला हे येत नाही’ हे एका विशिष्ट गोष्टीसंबंधीचे विधान आहे. ते तपासता येते व त्यावर उपाय करता येतो. ‘मी तोतया आहे’ हा स्वतःवर दिलेला निवाडा आहे. त्यावर करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून मन निवाडा देऊ लागले की त्याला विधानाकडे वळवावे. ‘मला नेमके काय येत नाही?’ असा प्रश्न कागदावर लिहावा. ‘बहुवर्ग अध्यापनात तिसरी व चौथीचे वेळापत्रक कसे बसवावे हे मला माहीत नाही’ असे उत्तर आले, तर ते शिकता येते. आणि शिकविणारे बहुधा त्याच शाळेत असतात.

याचा प्रत्यक्ष अर्थ एका कल्पित प्रसंगावरून स्पष्ट होईल. बालाघाटाच्या डोंगरातील एका दोनशिक्षकी शाळेत तरुण विस्तार अधिकारी गेला आहे, असे समजू. मुख्याध्यापक सत्तावन्न वर्षांचे आहेत. वर्ग तिसरीचा, विषय वजाबाकीचा. अधिकाऱ्याने ठरवून पाठाऐवजी मुलांच्या वह्या प्रथम पाहिल्या. चोवीस वह्यांपैकी नऊ वह्यांत ५२ वजा २७ याचे उत्तर ३५ आले होते, आणि ८० वजा ३६ याचे ५६. चूक निष्काळजीपणाची असती तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले असते. येथे नऊही मुले एकाच नियमाने चुकत होती. प्रत्येक घरात जो अंक मोठा असेल त्यातून लहान वजा करीत होती. तो वर आहे की खाली, हे पाहत नव्हती.

येथे शरण गेलेला अधिकारी गप्प बसला असता आणि करड्या अधिकाऱ्याने ‘वजाबाकी कच्ची’ असा शेरा मारला असता. या अधिकाऱ्याने मधल्या सुट्टीत वह्या गुरुजींपुढे ठेवल्या व विचारले, “गुरुजी, ही नऊ मुले एकाच पद्धतीने चुकताहेत. हे कशाने होत असेल, आपल्याला काय वाटते?” गुरुजींनी वह्या पाहिल्या, चष्मा काढून पुसला आणि थोड्या वेळाने ते म्हणाले, “पहिलीत मीच सांगतो, मोठ्यातून लहान काढा म्हणून.” एकअंकी संख्यांसाठी तो नियम निरुपद्रवी होता. दोनअंकी संख्यांत मुलांनी तो जसाच्या तसा उचलला होता. मग दोघांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या ठेवल्या. सात काड्या द्यावयाच्या तर एक गठ्ठा सोडावा लागतो, हे मुलांच्या हातांना कळले, आणि ‘हातचा’ या शब्दाला अर्थ आला.

त्याच भेटीत अधिकाऱ्याचेही एक अज्ञान दूर झाले. नऊपैकी सहा मुलांच्या वह्या दिवाळीनंतर कित्येक महिने कोऱ्या होत्या. अनियमिततेचा शेरा लिहिण्यासाठी त्याने लेखणी उचलली होती. गुरुजींनी सांगितले की, या मुलांचे आईबाप ऊसतोडणीला जातात. मुले दिवाळीनंतर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आणि हातच्याची वजाबाकी नेमकी त्याच महिन्यांत शिकविली जाते. कोणत्या मुलाची आजी गावात आहे व कोणाला मागे ठेवता येईल, हेही त्यांना तोंडपाठ होते. अधिकाऱ्याला चुकीचा नमुना दिसला, तो बाहेरच्या नजरेमुळे. गुरुजींना कारण ठाऊक होते, ते तीस वर्षांच्या सहवासामुळे. दोहोंपैकी एक जण गप्प राहिला असता, तर त्या सहा मुलांची वजाबाकी चौथीतही तशीच राहिली असती.

व्यवहारात पाळावयाच्या काही गोष्टी

१. भेटीपूर्वी तयारी करावी, परंतु तिला मर्यादा घालावी. त्या शाळेचा मागील शेरा, पटसंख्या आणि पाहावयाच्या घटकात मुले सामान्यतः कोठे चुकतात, एवढे पुरे. सर्वज्ञ होऊन जाण्याचा प्रयत्न हा भीतीच्या चक्राचाच एक भाग आहे.

२. आरंभ मुलांच्या वह्यांपासून करावा. वह्या हाती असल्या म्हणजे चर्चा व्यक्तीवरून विषयावर येते. ‘तुमचे शिकविणे’ असा शब्दप्रयोग टाळून ‘या मुलांचे वाचन’ असे म्हटल्याने ऐकणाऱ्याचा व बोलणाऱ्याचा, दोघांचाही भार हलका होतो.

३. जे ठाऊक नाही ते सरळ सांगावे. ‘हे मला माहीत नाही, आठ दिवसांत पाहून कळवितो’ असे म्हणून खरोखरीच आठ दिवसांत कळविणाऱ्याचा शब्द वजनदार ठरतो.

४. अप्रिय गोष्ट एकान्तात, पण त्याच दिवशी सांगावी. मुलांसमोर किंवा सहकाऱ्यांसमोर ज्येष्ठाची चूक काढू नये. आणि संकोचाने ती पुढच्या भेटीवर ढकलूही नये. समोर काहीच न बोलता कार्यालयात जाऊन लिहिणे, हे तर सर्वांत वाईट.

५. शेरा नेमका लिहावा. ‘समाधानकारक’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या दोन्ही शब्दांनी शिक्षकाच्या हाती काही पडत नाही. किती मुलांना काय येते, काय येत नाही, काय करावयाचे ठरले व पुढील भेटीत काय पाहावयाचे, या चार गोष्टी लिहाव्या. त्यांत शिक्षकाकडून जे शिकावयास मिळाले तेही त्यांच्या नावाने नोंदवावे.

६. स्वतःसाठी एक वही ठेवावी. कोणत्या शाळेत कोणत्या सूचनेचा उपयोग झाला, कोणती चुकली, हे तारखेसह लिहावे. मन यशाचे श्रेय नशिबाला देऊ लागले की ही वही उघडावी. स्वतःविषयीचा अंदाजही पुराव्यावर बसविला पाहिजे.

७. आपल्यासारख्याच इतरांशी बोलावे. मासिक सभेत प्रत्येक जण बाहेरून निर्धास्त दिसतो, म्हणून प्रत्येकाला वाटते की भीती आपल्यालाच आहे. एकाने बोलून दाखविले की दुसरा बोलतो. मात्र भीती झोप उडवू लागली किंवा कामावर जाणेच नकोसे करू लागली, तर केवळ सहकाऱ्यांवर विसंबून न राहता वैद्यकीय सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

ज्येष्ठांचा वाटा

हा भार एकट्या तरुणाने उचलावयाचा नाही. ज्येष्ठ शिक्षकांच्या मनातही पुष्कळदा अशीच शंका असते, हे तरुणाला सहसा ठाऊक नसते. माहिती भ्रमणध्वनीवरून भरणे, नवनवीन नोंदी, पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानासारखे उपक्रम, या सर्वांत आपण मागे पडलो, आता आपल्या शिकविण्याला किंमत उरली नाही, असे अनेकांना वाटते. दाराशी आलेल्या तरुण साहेबाला गुरुजींची भीती वाटत असते, त्या वेळी फळ्यासमोरच्या गुरुजींनाही त्याची भीती वाटत असण्याचा संभव असतो. दोन भीती समोरासमोर उभ्या राहिल्या की औपचारिकता तेवढी पार पडते.

ती कोंडी ज्येष्ठाला अधिक सहज फोडता येते. ‘या, वर्गात बसा, आणि ही मुले कोठे अडतात ते मलाही सांगा’ हे एक वाक्य तरुणाची अर्धी धास्ती घालविते. ते म्हणताना ज्येष्ठाचा मान उणा होत नाही. उलट तीस वर्षांच्या अनुभवाला पुढे जाण्यासाठी एक वाट मिळते. निवृत्तीच्या दिवशी तो अनुभव शाळेच्या दप्तरात जमा होत नसतो. कोणी पाहिलेला, विचारलेला व लिहून ठेवलेला असेल तेवढाच तो मागे राहतो.

तरुण पर्यवेक्षकाच्या मनातील शंका पहिल्याच वर्षी नाहीशी होईल असे नाही, आणि ती पूर्ण नाहीशी होईपर्यंत काम थांबविण्याचेही कारण नाही. दाराशी पाऊल अडखळले तरी आत जावे, गुरुजींना नमस्कार करावा, मागच्या बाकावर बसावे आणि शेजारच्या मुलाची वही मागून घ्यावी.